कार्ड पेटीत, लेक माहेरी

चिंचोळी एमआयडीसीच्या आजूबाजूला, कोंडी-पाकणीकडं, मोहोळच्या वाटेवर ज्या ज्या बाया हातातलं काम करत करत रेडिओ ऐकत आहेत त्यांना, आणि नंतर हेच छापलेलं ज्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवतील त्यांनाही आमचा नमस्कार.

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. पण आपल्या गावच्या दवाखान्यालाही इतिहास आहे. तो आपल्या अंगावरून गेलेला इतिहास आहे, आणि तो कळला तर आज दवाखान्यात काय मागायचं हे कळतं. सुरुवात मात्र एका कार्डापासून करू.

आमच्या एका गटातली सून टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पहिलंच बाळंतपण. पाचव्या महिन्यात ती तपासणीला गेली तेव्हा नर्सताईंनी रक्तदाब मोजला. तो १३६ आणि ८८ भरला. ताईंनी तो कार्डावर लिहिला आणि पुढं लिहिलं, "पुन्हा मोजणे". पंधरा दिवसांनी ये म्हणाल्या. पंधरा दिवसांनी तिची पहिली पाळी होती, म्हणजे कारखान्यातली, सकाळी सातची. दवाखाना उघडायच्या आधी ती आत गेलेली आणि ती बाहेर येईपर्यंत सकाळची ओपीडी संपलेली. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरली आणि ती माहेरी गेली, धाराशिव जिल्ह्यात. कार्ड राहिलं सासरी, पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या घडीखाली.

माहेरी सगळं पहिल्यापासून सुरू झालं. नवी नोंद, नवं कार्ड. आधी काही त्रास होता का, असं तिथल्या ताईंनी विचारलं. पोरगी म्हणाली, "न्हाई, समदं बरं हुतं." ती खोटं बोलली नाही. तिला खरंच बरं वाटत होतं. रक्तदाब वाढला म्हणून अंग दुखत नाही, तो मोजल्याशिवाय कळत नाही.

आठवा महिना लागला आणि तिचं तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तिथल्या आशाताईंनी हे पाहिलं आणि क्षणभरही थांबल्या नाहीत. १०८ ला फोन केला, गाडी आली, मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी बीपी किती असायचं?" कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मोजलेल्या आकड्यावरून फार काही कळत नाही. तो आधी किती होता, कधीपासून चढत गेला, हे कळलं तर डॉक्टरांना पुढचं ठरवता येतं. रात्री साडेनऊला तिच्या सासूबाईंचा आम्हाला फोन आला. आम्ही गेलो, पेटी उघडली, कार्ड काढलं आणि आकडे फोनवर वाचून दाखवले.

बाळ दिवसांआधी झालं. अठरा दिवस काचेच्या पेटीत होतं. आज मायलेक दोघंही बरी आहेत.

ती परत आल्यावर आम्ही विचारलं, "दवाखान्यात कसं केलं गं?" ती म्हणाली, "चांगलं केलं की. कुणी टाकून बोललं न्हाई." इथल्या दवाखान्याचं विचारलं, तरी तेच उत्तर. आम्ही विचारात पडलो. दोन्हीकडच्या ताई चांगल्या, दोन्हीकडं गोळ्या मिळाल्या, दोन्हीकडं ती समाधानी. आणि तरी मधल्या दोन महिन्यांत तिच्या चढत्या रक्तदाबावर लक्ष ठेवणारं कुणीच नव्हतं. तिला सेवा मिळत होती, पण एका सेवेचा दुसरीशी धागा तुटला होता. सरकारी भाषेत याला सेवेचं सातत्य म्हणतात. आपण टॉवेल-चादरींच्या मुलखातल्या बाया, आपण धागाच म्हणू. मधला एक धागा तुटला तर चादर लगेच फाटत नाही, पण उसवायला तिथूनच लागते.

हा धागा आपल्याकडं कधी होता आणि तो पुन्हा जोडायचा प्रयत्न कुणी केला, हा आजचा इतिहास.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात गावात सुईण होती. ती आपलं घर ओळखायची. अमकीच्या आईला बाळंतपणात अंगावरून फार गेलं होतं, तमकीचं पहिलं पोर आडवं होतं, हे तिच्या तोंडावर असायचं. पण अंगावरून जाणं थांबवायचं औषध तिच्याकडं नव्हतं, धनुर्वाताची लस नव्हती, अडलेलं मूल सोडवायला शस्त्रक्रिया नव्हती. म्हणून जुना काळ चांगला होता असं आम्ही म्हणणार नाही. फार बाया आणि फार लेकरं गेली त्या काळात. तेव्हा ओळख होती, इलाज नव्हता. पुढं इलाज आला, तर ओळख सुटत गेली. गेल्या ऐंशी वर्षांत जी चांगली कामं झाली, ती या दोन्ही गोष्टी एका जागी आणण्याचीच होती.

१९४३ साली, इंग्रजांच्या राज्यात, देशाच्या आरोग्याची पाहणी करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर, आपल्या नाशिकात जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४६ साली त्यांचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्यात मुळाशी होतं. रोग झाल्यावर औषध देणं आणि रोग होऊ नये म्हणून काम करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू नका, एकाच केंद्रातून करा, असं त्यात होतं. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आपल्याकडं रुजली ती याच अहवालातून. सुरुवातीला दर ४०,००० लोकांमागं एक केंद्र असावं असं त्यांनी सुचवलं.

स्वातंत्र्यानंतर, २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्यासोबत गावाकडं आरोग्य केंद्रं येऊ लागली. १९६२ च्या १ मे पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या, आणि ही केंद्रं त्यांच्या हाताखाली आली. १९६३ साली सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याच्या जोडीनं आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते मोठं रुग्णालय. आजचा नियम असा की सपाट मुलखात ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र. कागदावर बघितलं तर दवाखाना पुष्कळ जवळ आला.

पण जवळ आला म्हणजे आपला झाला का? खेड्यात डॉक्टर यायचे, वर्ष-दोन वर्षं काढायचे आणि बदलून जायचे. आजी सांगायच्या, "डाक्तर चांगला हुता, पर त्याला आमची नावं पाठ व्हायच्या आत गेला बी."

इथं आपल्या सोलापूरच्या एका डॉक्टरांची आठवण येते. द्वारकानाथ कोटणीस. १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ साली चीनवर जपानची लढाई चालू होती, तेव्हा काँग्रेसनं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे मायदेशी परतले. कोटणीस तिथंच राहिले, तिथली भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, रुग्णालय चालवलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथंच गेले. चीनमध्ये आजही त्यांना मानतात, आणि सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे. पाचही डॉक्टर शूर होते, पाचही गेले होते. पण लोकांच्या मनात जो जास्त राहिला तो मुक्काम करणारा.

मात्र प्रत्येक गावाला कोटणीस मिळणार नाहीत. डॉक्टर मुक्काम करणार नसेल तर गावानं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारीच मिळालं. आपल्या करमाळ्याला लागून नगर जिल्ह्यातला जामखेड तालुका आहे, आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले. वेल्लोरला शिकलेले, पुढं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले. मुलूख दुष्काळी, रस्ते नाहीत, पावसाळ्यात नाले आडवे.

त्यांनी आधी सरकारी रीतीनंच शिकलेल्या नर्स गावात ठेवायचा प्रयत्न केला. पण शहरात शिकलेली तरुण मुलगी एकटी खेड्यात राहीना, आणि राहिली तरी बाया तिच्यापाशी मन मोकळं करेनात. मग त्यांनी उलटा विचार केला. जी गाव सोडून जाणारच नाही तिलाच शिकवावं. गावानं आपल्यातलीच एक बाई निवडायची, लग्न झालेली, लेकराबाळांची, लोकांचा विश्वास असलेली. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. अशा पुष्कळ बाया पुढं आल्या. काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही शेतावर मजुरी करणाऱ्या. जामखेडला येऊन त्या शिकायच्या आणि वेगवेगळ्या जातींच्या बाया एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. त्या काळात हेही सोपं नव्हतं. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाई कशी तपासायची, कुठली खूण दिसली की थांबायचं नाही, हे सगळं त्या तोंडपाठ करून गावी जायच्या.

याचं फळ काय मिळालं? १९७१ साली त्या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. पाच वर्षांत. औषधं नवीन नव्हती. मीठ, साखर आणि पाणी तर घरोघर होतंच. नवी होती ती रोज दिसणारी, नावानं हाक मारणारी, काल काय झालं होतं ते आठवणारी बाई. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. गावच्या बायांना शिकवायचं काम जामखेडला पुढंही चालू राहिलं.

जामखेडची गोष्ट जगात पोचली. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या हातानं चालणाऱ्या आरोग्यकामांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा या शहरात १३४ देश जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे असं जाहीर केलं.

आपल्या सरकारनंही १९७७ साली २ ऑक्टोबरला गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमायची योजना आणली होती. महिन्याला ५० रुपये मानधन. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? तिला अंगावर पांढरं जातं की तांबडं, हे ती त्याला कसं सांगणार? ती योजना हळूहळू विझली. माणूस नेमला, पण ज्यांच्याशी धागा जोडायचा त्यांच्यापर्यंत तो पोचूच शकत नव्हता.

पुढचं पाऊल गडचिरोलीत पडलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेनं तिथं पाहिलं की लेकरं जातात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि घरातच. बाळंतीण दवाखान्यात जात नाही, म्हणून दवाखानाच तिच्या घरी न्यायचा. ३९ गावांमध्ये गावच्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची खूण ओळखून उपचार करणं. दर हजारी ६२ नवजात बाळं जात होती, ती तीन वर्षांत २५ च्या आसपास आली. १९९९ साली हा अभ्यास इंग्लंडच्या लॅन्सेट या नामांकित नियतकालिकात छापून आला.

मग २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्यातून आपल्या आशाताई आल्या. दर हजार लोकसंख्येला एक. आशाताईंच्या निवडीचा नियम नीट पाहा. ती त्याच गावची रहिवासी हवी, आणि लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित असावी. असं का? कारण गावची कुमारी लेक आज ना उद्या सासरी जाणार. सून मात्र इथंच राहणार. म्हणजे जामखेडला जे कळलं, तो धागा नियमातच विणला गेला. २०११ पासून गडचिरोलीचा धडाही यात आला. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ-बाळंतीण पाहायची. सहा भेटी. ही कुणाची मेहरबानी नाही, तो आपला हक्क आहे. आशाताईंना मात्र अजून बरंचसं काम मोजून मोबदला मिळतो, नोकरदाराचा पगार नाही. त्या मोर्चा काढतात तेव्हा "आता आमचं लसीकरण कोण करणार" असं म्हणण्याआधी, आपला धागा धरून ठेवणारीचं घर कसं चालतं, हे आपण विचारलं पाहिजे.

आता समाधानाकडं येऊ. सेवा कशी आहे हे कुणी ठरवायचं? वर्षानुवर्षं साहेब येऊन रजिस्टर तपासायचे आणि ठरवायचे. २००७ साली महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट घडली. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि आपल्या शेजारचा तेव्हाचा उस्मानाबाद, या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या समितीनं, त्यात बायाही, आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरायचं. चांगलं असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई. एका बाजूला अधिकारी, एका बाजूला गावकरी, आणि प्रश्न समोरासमोर. शाळेत लेकरांची प्रगतिपुस्तकं बघणाऱ्या आया पहिल्यांदाच दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरत होत्या.

त्यातला धडा आम्ही आमच्या गटात करून पाहिला. पहिल्या बैठकीत आम्ही विचारलं, "दवाखान्याबद्दल समाधानी आहात का?" सगळ्या म्हणाल्या, "व्हय, बरं हाय." आपल्याला असंच शिकवलंय. फुकट मिळालेल्याला नावं ठेवू नये, ताईंचं मन दुखवू नये, आणि उद्या परत तिथंच जायचंय. दुसऱ्या बैठकीत आम्ही प्रश्न बदलले. मागच्या वेळी गेलीस तेव्हा जे भेटले तेच या वेळी भेटले का? त्यांना तुझं मागचं दुखणं माहीत होतं का? परत कधी यायचं ते सांगितलं का? त्या तारखेला तुला जाता आलं का? नसेल, तर का नाही? बाहेरून किती रुपयांचं औषध आणलंस? आता मात्र बाया बोलायला लागल्या. एकीला साखरेची गोळी तीन महिने मिळाली आणि मग ती गावाला गेली तेव्हा सुटली. एकीला तीन वेळा तीन वेगवेगळ्या जणांनी तीच तपासणी सांगितली, कारण मागचे कागद तिच्याकडं नव्हते. एकीला ओपीडीची वेळच जमत नाही. "बरं हाय"च्या खाली एवढं सगळं दबलेलं होतं.

धाग्याचं महत्त्व आपल्यासारख्या गरीब मुलखालाच आहे असंही नाही. नॉर्वे या श्रीमंत देशात प्रत्येक माणसाच्या नावावर एक घरचा डॉक्टर लावलेला असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांचा अभ्यास २०२२ साली छापून आला. ज्यांचा तोच डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त काळ होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, वर्षभरच ओळख असलेल्या डॉक्टरकडं जाणाऱ्यांपेक्षा, सुमारे एक चतुर्थांशानं कमी होतं. यंत्रं तीच, गोळ्या त्याच. फरक ओळखीचा.

आता परत आपल्या एमआयडीसीत येऊ. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि गावोगावच्या माळावर वसाहती उभ्या राहिल्या. त्यांनी हाताला काम दिलं, हे आम्ही विसरत नाही. पण दवाखान्याची घडी बसली होती ती जुन्या गावासाठी. सगळे एका जागी राहणार, सकाळी मोकळे असणार, आशाताईंना घर माहीत असणार. आता आपल्याकडं पत्र्याच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहणारी कुटुंबं आहेत. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी कर्नाटकातून. आज या खोलीत, सहा महिन्यांनी त्या खोलीत. गावच्या यादीत त्यांचं नाव नसतं, आणि ज्या गावच्या यादीत असतं तिथं त्या राहत नाहीत. शेजारणीला माहीत असतं की या पोरीला दिवस गेलेत, पण आशाताईंपर्यंत ते पोचत नाही. हे सांगायचं काम आपलं. आपल्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं आणि घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल, तर गटातल्या बाईनं आशाताईंना कळवायचं. आम्ही आमच्या भागात हे सुरू केलं आहे.

कारखान्यात जाणाऱ्यांसाठी आणखी एक धागा आहे, तो म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा. कायदा १९४८ चा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराच्या पगारातून २०१९ पासून ०.७५ टक्का कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यावर कामगाराला आणि घरच्यांना उपचार मिळतात, आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो, बाळंतपणात २६ आठवड्यांची रजा पगारासह मिळते. ठेकेदाराकडच्या कामगारालाही हे लागू आहे. पण इथंही धागा तुटतो. ठेकेदार बदलला की तो नवा विमा क्रमांक काढून देतो आणि जुनं सगळं हिशेबातून जातं. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या वर्षात निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली दिसावी लागते. दोन क्रमांकांत ती वाटली गेली तर कुठंच पुरी पडत नाही. विमा क्रमांक माणसाला जन्मभर एकच असतो. नव्या ठिकाणी कामाला लागताना जुना क्रमांक सांगायचा, आणि "नवीन काढू नका, हाच लावा" असं स्पष्ट म्हणायचं.

मग आपण काय करायचं? आमच्या गटांनी चार गोष्टी ठरवल्या आहेत.

एक. लेक माहेरी निघाली की ओटीत नारळाबरोबर कार्डही गेलं पाहिजे. माता व बाल संरक्षण कार्ड देशभर चालतं, दुसऱ्या गावी नवं काढायची गरज नसते. जायच्या आधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या, सासूच्या आणि गटाच्या मोबाइलमध्ये ठेवायचा.

दोन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही सोय आहे. पाळी असेल तर त्या दिवसापुरती बदलून घ्यायला गटातल्या चौघी मिळून सुपरवायझरशी बोलायचं. एकटीनं बोलली की विनंती होते, चौघी बोलल्या की तारीख पाळली जाते.

तीन. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या खाणाऱ्यांनी एक दोनशे पानी वही करायची. तारीख, आकडा, गोळीचं नाव, पुढची तारीख. लिहिता येत नसेल तर शाळेतलं लेकरू लिहील. डॉक्टर बदलून गेले तरी वही बदलत नाही. गावाला जाताना गोळ्या किती दिवसांच्या हव्यात ते आधी सांगायचं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यांना वही दाखवली की मोजणी जवळच होते.

चार. तीन महिन्यांतून एकदा गटाच्या बैठकीत ते सहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ग्राम आरोग्य समितीपुढं ठेवायची. तक्रार म्हणून भांडायला जायचं नाही. नर्सताईंवरही कामाचा ढीग असतो, बदली त्यांच्या हातात नसते. पण नवीन ताई आल्या की जुन्या ताईंनी जोखमीच्या बायांची यादी त्यांच्या हातात देऊन, घर दाखवून मग जावं, एवढं आपण मागू शकतो. त्याला पैसा लागत नाही.

मैत्रिणींनो, सुईणीच्या काळात ओळख होती, इलाज नव्हता. आज इलाज आहे. ओळख टिकवायचं काम सरकारचं आहेच, पण जामखेडला ते बायांनी करून दाखवलं, आणि त्यातल्या कितीतरी जणींना सहीसुद्धा करता येत नव्हती. आपल्याला तर मोबाइल चालवता येतो.

ती आमच्या गटातली सून मागच्या आठवड्यात बाळाला घेऊन आली होती. बाळाला नऊ महिने पूर्ण झालेत, रांगत रांगत सतरंजीवरून खाली जातंय. गोवर-रुबेलाच्या लशीची तारीख होती. तिनं पिशवीतून दोन्ही कार्डं काढली, सासरचं आणि माहेरचं, टाचणीनं एकत्र जोडलेली, वर प्लास्टिक घातलेलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "आता पेटीत न्हाई ठेवत. खुंटीला असतंय."

पुढच्या बैठकीला येताना आपापली कार्डं घेऊन या.